काचबिंदू आणि युद्ध : हुकलेल्या थेंबांची किंमत

डोळ्यात सतत तयार होणाऱ्या पाण्याचा निचरा नीट झाला नाही, की आतला दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस झिजू लागते, हाच काचबिंदू. साधारण दाब पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटरइतका धरतात, पण काहींची नस या मर्यादेतल्या दाबातही खराब होते. बहुतेकांना काही दुखत नाही, नजर कडेने हळूहळू जात राहते आणि गेलेली परत येत नाही. दुखतच नसल्यामुळे घाईघाईने घर सोडताना मधुमेहाच्या गोळ्या आठवणीने पिशवीत पडतात आणि डोळ्यातला दाब कमी ठेवणाऱ्या थेंबांची बाटली मागे राहते.

फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले, एप्रिल 2023 मध्ये सुदानात लढाई पेटली. अशा वेळी घरदार सोडावे लागलेल्यांमध्ये वर्षानुवर्षे थेंब घालणारी वयस्क मंडळीही असतात. रोज रात्री घालायचे लॅटानोप्रोस्ट या औषधाचे थेंब सहसा न उघडलेल्या बाटलीत 2 ते 8 अंशांवर ठेवावे लागतात, आणि उघडल्यावर साधारण सहा आठवडेच वापरता येतात. भरउन्हाळ्यात वीज गेली की फ्रीजमधल्या औषधाचे काय करायचे, हे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. युद्धात मात्र वीज, दुकान आणि पुरवठ्याची गाडी एकदमच बंद पडतात. निचऱ्यासाठी वाट करून देणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे डॉक्टरांना वरचेवर डोळा दाखवावा लागतो, कारण त्या काळात नवी वाट बुजू शकते किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो. नजरेच्या कडांचे जुने आलेख हरवले, तर आजार किती पुढे सरकला हे नव्या डॉक्टरला ठरवणे कठीण होते.

स्फोटाच्या दणक्याने किंवा बोथट माराने बुबुळाच्या मुळाशी असलेला निचऱ्याचा कोन फाटू शकतो. जखम भरते, नजर ठीक वाटते, आणि दाब काही वर्षांनी, कधी दशकांनंतरही चढतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात आहे, आणि खानापूर, निपाणी, चिकोडी भागात माजी सैनिकांची घरे आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या डोळ्याला नोकरीत मार बसला असेल, तर मोतीबिंदूच्या तपासणीला जातानाही तो जुना मार डॉक्टरांना आवर्जून सांगावा आणि दोन्ही डोळ्यांचा दाब मोजून घ्यावा. फाटलेला कोन वरवर पाहून कळत नाही. तो पाहायला डोळ्यावर खास भिंग टेकवावे लागते, आणि जुन्या माराची माहिती नसेल तर ते टेकवलेच जाईल याची खात्री नसते.