पोलिसांचे व्याख्यान आणि पोलिसांचा वर्गपाठ

सांगली जिल्ह्यातल्या अनेक शाळांत २६ जूनच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिनाच्या, आसपास पोलीस ठाण्यातून कोणी अधिकारी येतात, सतरंजीवर बसलेल्या मुलांपुढे तासभर बोलतात आणि आभारप्रदर्शनानंतर कार्यक्रम संपतो. ‘आमच्याकडे पोलिसांचा उपक्रम झाला’ असे शाळा सांगते, तेव्हा बहुधा हेच व्याख्यान अभिप्रेत असते. पोलिसांनी वर्गावर येऊन शिकवायचा अभ्यासक्रम ही मात्र निराळी गोष्ट आहे.

व्याख्यानाचे काम माहिती देण्याचे, आणि ती हवीच. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे येथील औद्योगिक वसाहतीत एमडी (मेफेड्रोन) हा अमली पदार्थ तयार करणारा कारखाना पोलिसांनी उघडकीस आणला, त्यामुळे हा विषय मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, हेही मुलांना ठाऊक असावे.

अभ्यासक्रमात तोच पोलीस त्याच वर्गावर आठवड्यामागून आठवडे येतो. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी आणि तिथल्या शाळांनी १९८३ मध्ये सुरू केलेला ‘डेअर’ हा त्याचा प्रसिद्ध नमुना. परंतु नुसते तास वाढवून भागत नाही, हेही डेअरनेच दाखवले. मुलांची माहिती वाढली तरी नशेच्या पदार्थांचा वापर फारसा घटला नाही, असे अनेक अभ्यासांत आढळले, आणि २००९ मध्ये तिथे नवा अभ्यासक्रम स्वीकारला गेला, ज्यात नकार देणे, कारण सांगणे, टाळणे आणि निघून जाणे या चार गोष्टी मुलांकडून प्रत्यक्ष करवून घेतल्या जातात. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. मधल्या सुट्टीत जिवलग मित्राने माव्याची पुडी हातावर ठेवली, तर आठवीतल्या मुलाला कर्करोगाची चित्रे आठवत नाहीत. ‘नको रे, मी खात नाही, चल ग्राउंडवर’ हे वाक्य त्याने आधी वर्गात सर्वांसमोर मोठ्याने म्हटलेले असेल, तर ते तोंडातून निघण्याची शक्यता जास्त. मारामारीत ओढणाऱ्या टोळक्यापासून बाजूला होण्याचेही तसेच.

आपल्याकडे या पद्धतीच्या जवळ जाणारी योजना म्हणजे केरळात २०१० मध्ये सुरू झालेली आणि २०१८ मध्ये देशपातळीवर आणलेली ‘स्टुडंट पोलीस कॅडेट’. ती आठवी-नववीच्या मुलांसाठी असून तिच्यात मैदानावरील उपक्रमांच्या जोडीला वर्गातले तासही असतात.

म्हणून मुख्याध्यापकांनी पोलीस ठाण्याला पत्र देताना ‘मार्गदर्शन करावे’ एवढ्यावर न थांबता किती तास, कोणत्या वर्गासाठी आणि तेच अधिकारी पुन्हा येतील का, हे स्पष्ट विचारावे. पालकांनीही संध्याकाळी मुलाला ‘साहेब काय म्हणाले?’ याऐवजी ‘तू काय बोललास?’ असे विचारावे.