हिरोशिमातला एक दिवस : ट्राम, घुमट आणि तव्यावरचा कोबी

हिरोशिमात एकच दिवस हाताशी असला की मार्ग बहुतेक ठरलेला असतो. ट्रामने अणुबॉम्ब घुमट, तिथून शांती उद्यान, दुपारी ओकोनोमियाकी, म्हणजे तव्यावर थरांनी रचलेली कोबीची पोळी, आणि मग मियाजिमा बेट. मियाजिमा वगळता यातले जवळपास सगळे 1945 नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत आजच्या रूपाला आले. उद्यानाचा इतिहास ठायी ठायी लिहिलेला सापडतो. ताटातला मात्र कुणी सांगत नाही.

शहर वसले ते ओता नदीच्या मुखाशी. तिथल्या सपाट त्रिभुज प्रदेशात मोरी तेरुमोतो या सरदाराने 1589 मध्ये किल्ल्याचे काम सुरू केले. अशा सपाट जमिनीवर ट्राम सोयीची. ती 1912 मध्ये धावू लागली. 6 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी 8:15 वाजता, जमिनीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर बॉम्ब फुटला आणि 9 ऑगस्टला एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरू झाली. त्या स्फोटातून वाचलेल्या 651 आणि 652 क्रमांकाच्या गाड्या आजही दिसतात. पुढे ओसाका, कोबे, क्योतो या शहरांनी ट्राम मोडीत काढल्या, तेव्हा हिरोशिमाने त्यांच्या गाड्या घेतल्या. म्हणून रुळांवर इतक्या तऱ्हेतऱ्हेचे डबे दिसतात.

घुमटाची इमारत यान लेत्झेल या चेक वास्तुविशारदाची, 1915 ची, व्यापारी प्रदर्शनासाठी बांधलेली. स्फोट जवळजवळ डोक्यावरच झाला. दाब वरून खाली आल्याने काही भिंती उभ्या राहिल्या. अवशेष पाडावेत की ठेवावेत यावर शहरात अनेक वर्षे वाद चालला. 1966 मध्ये नगरसभेने जतनाचा ठराव केला आणि 1996 मध्ये घुमट जागतिक वारसा झाला. समोरचे उद्यान म्हणजे मुळात नाकाजिमा, घरे-दुकानांनी गजबजलेली वस्ती. हे मनात ठेवूनच तिथे चालावे. 1949 च्या खास कायद्याने पुनर्बांधणीला निधी मिळाला. वास्तुविशारद केन्झो तांगे यांनी संग्रहालय, स्मारकाची कमान आणि घुमट एका सरळ रेषेत मांडले. संग्रहालयाच्या बाजूने कमानीतून पाहिले की ही रेषा लगेच कळते.

आता जेवण. युद्धाआधी पीठ-पाण्याची पातळ पोळी, वर थोडी कांद्याची पात, असा खाऊ एका सेनला, म्हणजे येनच्या शंभराव्या भागाला, मिळे. तो मुलांचा खाऊ होता. युद्धानंतर तांदूळ दुर्मिळ झाला आणि अमेरिकेच्या मदतीतून गव्हाचे पीठ आले. मग त्याच पोळीला पोटभरीचे करायचे तर कोबी हा स्वस्त उपाय होता. नूडल्स, अंडे, डुकराचे मांस हे थर ऐपत वाढत गेली तसे चढले. शिनतेन्चीच्या चौकात हातगाड्या उभ्या राहिल्या. त्यांतूनच पुढे ओकोनोमिमुरा ही अनेक मजली खाऊइमारत घडली. ओताफुकू या स्थानिक कंपनीने 1952 मध्ये ओकोनोमियाकीसाठी दाट, गोडसर सॉस आणला. आधीचा पातळ सॉस पोळीवरून ओघळून तव्यावर जळत असे.

ओसाकात सगळे पिठात कालवतात, हिरोशिमात थर रचतात. तव्यावर घावनाइतके पातळ पीठ पसरून त्यावर माशाची पूड, मग बारीक चिरलेला सुमारे 150 ग्रॅम कोबी, मोडाचे कोंब, तळलेल्या पिठाचा चुरा, मांसाच्या दोन-तीन पट्ट्या आणि बांधणीपुरते थोडे पीठ. मग सगळे उलटायचे. इथेच बिघडते. कोबी जाड चिरला तर बसत नाही, घाईने दाबला तर वाफ निसटून आतला भाग कच्चा राहतो. हिवाळ्याचा कोबी घट्ट, त्याला वेळ जास्त. वसंतातला पाणीदार, त्याला आच जपून द्यावी. बाजूला नूडल्स परतून त्यावर हा थर चढवतात, शेवटी पसरलेल्या अंड्यावर ठेवून पुन्हा उलटतात. पंधरा-वीस मिनिटे लागतातच. तव्यावरूनच छोट्या उलथन्याने कापून खावे, म्हणजे शेवटचा घासही गरम.

शाकाहारी असाल तर नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. माशाची पूड पहिल्याच थरात पडते आणि सॉसमध्येही प्राणिज अर्क असू शकतो. पीठ तव्यावर पडण्याआधीच सांगावे. तवा सगळ्यांचा एकच असतो, हेही धरून चालावे.

मियाजिमाची कथा फार जुनी. बेटावरच्या इत्सुकुशिमा मंदिराला आजचा आकार ताइरा नो कियोमोरी या सरदाराने 1168 च्या सुमारास दिला. समुद्रातली तोरी, म्हणजे मंदिराच्या प्रवेशाची कमान, 1875 ची, 16 मीटरहून उंच. खाण्याच्या परंपरा मात्र रेल्वेबरोबर आल्या. 1897 मध्ये स्थानक झाले आणि पुढे अनागो या सर्पाकृती समुद्री माशाचा भात डब्यात विकला जाऊ लागला. मेपलच्या पानाच्या आकाराचे मोमिजी मांजू हे गोड सारणाचे केक 20व्या शतकाच्या सुरुवातीचे. कालवे (ऑयस्टर) खायची तर हिवाळ्यात जावे. जपानमधली निम्म्याहून अधिक कालवे याच प्रांतात पिकतात.

शहरातून ट्रामने जेट्टीपर्यंत तासाहून जास्त वेळ लागतो, रेल्वेने अर्धा तास. पुढे बोट दहा मिनिटांची. निघण्याआधी भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत. पाण्याची पातळी 250 सेंटिमीटरच्या वर असली तर मंदिर तरंगल्यासारखे दिसते, 100 च्या खाली उतरली तर कमानीपर्यंत चालत जाता येते. भरती सकाळी असेल त्या दिवशी क्रम उलटा करावा : आधी बेट, मग उद्यान आणि ओकोनोमियाकी रात्री. बेटावरची बहुतेक दुकाने संध्याकाळी लवकर बंद होतात, शहरातले तवे मात्र उशिरापर्यंत तापलेले असतात.