दिवाळी अंक कुठे धरायचा? सामाईक देवघेवीच्या नियमांची पार्श्वभूमी

एका वाचनालयातून नेलेलं पुस्तक दुसऱ्या वाचनालयात परत करता यावं, ही कल्पना नाशिकच्या ग्रंथालय वर्तुळात नवी नाही. ती अडते मात्र अनपेक्षित ठिकाणी. पुस्तकं ने-आण करायला टेंपो कुणाचा, हा प्रश्न सुटतो. कोणत्या वस्तूला काय संकेत द्यायचा आणि ती किती दिवस द्यायची, इथे गाडं रुततं. कारणं समजायला थोडं मागं जावं लागतं, फार मागं नाही.

शहरातलं सर्वांत जुनं वाचनालय 1840 सालचं. त्यानंतरची वाचनालयं पेठापेठांतून, पुढे उपनगरांतून उभी राहिली, ती लोकवर्गणीवर आणि आपापल्या घटनेवर. मुंबई इलाख्यात 1940 साली ग्रंथालय विकास समितीचा अहवाल आला आणि मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावातल्या ग्रंथालयापर्यंतची उतरंड कागदावर मांडली गेली. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये स्वतःचा कायदा केला. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा आणि अनुदानाचे नियम 1970 चे. या कायद्याने मद्रासच्या 1948 च्या कायद्यासारखा ग्रंथालय कर बसवला नाही. आधीच चालू असलेल्या स्वतंत्र संस्थांना मान्यता द्यायची, त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग द्यायचे आणि वर्गानुसार अनुदान द्यायचं, असा मार्ग निवडला गेला. म्हणजे ‘जिल्हा’ आणि ‘तालुका’ ही नावं उतरंडीची असली तरी त्यांतलं कुणी कुणाची शाखा नव्हतं.

आजच्या गुंत्याचं मूळ इथे आहे. दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन चढवण्याची वही, अनुदानाच्या तपासणीसाठी लिहिली गेली. तपासणीस येतो, ग्रंथसंख्या पाहतो, नियतकालिकं मोजतो, सभासदांची यादी बघतो. शेजारच्या वाचनालयाला आपली वही वाचता आली पाहिजे, असं कुणाच्या मनातही येण्याचं कारण नव्हतं. 2012 साली महसूल यंत्रणेमार्फत राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली. त्यानंतर तर दाखल क्रमांकाला हात लावायला कुणी धजत नाही, आणि ते बरोबरच आहे. ‘सगळ्यांनी नव्याने एक सलग क्रमांक घ्यावेत’ ही सूचना अधूनमधून येते. ती करणाऱ्याने कपाटातली जुनी वही उघडून पाहिलेली नसते.

त्या वह्यांत काय असतं? मराठी, हिंदी आणि इंग्रजी पुस्तकांच्या वह्या वेगळ्या, प्रत्येक वही एकपासून सुरू. म्हणजे एकाच वाचनालयात 1234 क्रमांकाची तीन पुस्तकं. निर्लेखित, म्हणजे वहीतून कमी केलेल्या, पुस्तकाचा क्रमांक पुढे दुसऱ्या पुस्तकाला दिलेला. ज्यांनी विषयाला ठरावीक आकडा देणारं दशांश वर्गीकरण पाळलं त्यांचं एक बरं, पण लहान वाचनालयांत ‘क’, ‘च’, ‘ना’ अशा अक्षरांवरच काम भागतं. एका ठिकाणी ‘क’ म्हणजे कादंबरी, दुसरीकडे कथा, तिसरीकडे कविता. स्वतःच्या चार भिंतींत यातलं काहीच चुकीचं नव्हतं.

संगणक आले तेव्हा हेच जसंच्या तसं आत गेलं, वर लिपीची भर पडली. नव्वदच्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षं नोंदी अशा फाँटमध्ये झाल्या, की पडद्यावर देवनागरी दिसे आणि आत रोमन अक्षरांची खिचडी साठे. अशा नोंदी धड शोधता येत नाहीत, अकारविल्हे लावता येत नाहीत. युनिकोड रुळल्यावर त्यांचं रूपांतर करावं लागलं आणि त्यातही ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी लिहिला गेला. डोळ्यांना एकच शब्द, यंत्राला दोन. शोधात अर्धी पुस्तकं सापडत नाहीत ती यामुळे.

पुढे ग्रंथालय चालवायच्या आज्ञावल्या (सॉफ्टवेअर) आल्या: सरकारी यंत्रणेने तयार केलेली ‘ई-ग्रंथालय’, आणि ‘कोहा’ही. कोहाचा जन्म 1999-2000 मधला, न्यूझीलंडच्या एका लहानशा जिल्हा ग्रंथालयासाठी झालेला. ती मुक्त आज्ञावली असल्याने परवान्याचा खर्च नाही, आणि शाखा ही गोष्ट तिच्या मूळ रचनेतच आहे; सामाईक व्यवस्थेत प्रत्येक वाचनालय तिच्या लेखी एक शाखा. म्हणून सामाईक व्यवस्थेची चर्चा बहुधा तिच्याभोवती फिरते. क्रमांकाचा प्रश्न तिथे सोपा होतो. बारकोड संपूर्ण यंत्रणेत एकमेव हवा, एवढीच अट. तो असा करता येतो: वाचनालयाची अक्षरं, मग वहीचं अक्षर, मग शून्यं भरून सारख्या लांबीचा केलेला जुना दाखल क्रमांक. वही शाबूत राहते, तपासणीही निभावते.

खरा वाद वस्तुप्रकारावर, म्हणजे पुस्तक, मासिक अशा कोणत्या प्रकारात वस्तू धरायची यावर होतो, आणि त्यात दिवाळी अंकावर.

बाहेरच्या कुणाला हे हास्यास्पद वाटेल. पण 1909 च्या ‘मनोरंजन’पासून सुरू झालेल्या या परंपरेने मराठी वाचनालयाचं वार्षिक गणित घडवलं आहे. सभासद ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाढतात ते अंकांसाठी. कित्येक वाचनालयं त्यासाठी वेगळी योजना काढतात: ठरावीक रक्कम भरा आणि हंगामभर अंक बदलून न्या. हंगामात अंक थोड्या दिवसांत परत यायला हवा, कारण मागे रांग असते. उन्हाळ्यात तोच अंक महिनाभर ठेवला तरी कुणी विचारत नाही. त्यानंतर तो बांधला जातो, कपाटात जातो किंवा रद्दीत.

आता हा पुस्तक की मासिक? आपल्याकडे सभासदत्वच वस्तुप्रकारावर बेतलेलं असतं, ‘एक पुस्तक, एक मासिक’ किंवा ‘दोन पुस्तकं, एक मासिक’. अंक मासिकात धरला तर सभासद पुस्तकासोबत तो नेतो, पण नेहमीचं मासिक सोडावं लागतं. पुस्तकात धरला तर ज्येष्ठ सभासद काउंटरवर उभं राहून विचारतात, की पुस्तक बंद करून अंक घ्यायचा का. शिवाय काही ठिकाणी अंक दाखल नोंदवहीत चढवतात, काही ठिकाणी नियतकालिकांच्या वहीत, आणि तपासणीत हे दोन आकडे वेगवेगळे मोजले जातात. त्यामुळे वस्तुप्रकार ठरवताना कुणी उघड बोललं नाही, तरी अनुदानाच्या वर्गाची काळजी मनात असतेच.

कोहाच्या तयार नमुन्यात पुस्तकाला ‘बीके’ आणि चालू प्रकाशनांना ‘सीआर’ असे संकेत येतात. दिवाळी अंक नेमका ‘सीआर’मध्ये टाका, असं तांत्रिक मंडळी सांगतात. तालिकेच्या, म्हणजे ग्रंथसूचीच्या, दृष्टीने ते बरोबर आहे. वर्षातून एकदा येणारं तेही चालू प्रकाशनच. देवघेवीच्या दृष्टीने ते चुकीचं आहे. वस्तुप्रकार हा या आज्ञावलीत नियमाचा खुंटा आहे: किती दिवस, किती वस्तू, विलंब शुल्क किती, हे त्यावरून ठरतं. ज्या दोन गोष्टींची देवघेव वेगळी, त्यांचा वस्तुप्रकार वेगळा हवा. मजकूर काय आहे, ते सांगायला संग्रह-संकेताची वेगळी जागा आहे. या हिशेबाने दिवाळी अंकाला स्वतंत्र वस्तुप्रकार मिळायला हवा, आणि कथा, कादंबरी, चरित्र, नाटक यांना मात्र नको. ती सगळी पुस्तकंच, दिवस सारखेच. प्रत्यक्षात नेमकं उलटं घडलेलं दिसतं. विषयागणिक वस्तुप्रकार निघाले आणि अंक मासिकांत जाऊन बसले. मग प्रत्येक विषयासाठी तोच नियम पुन्हापुन्हा भरायचा आणि एखाद्या ठिकाणी सात दिवसांऐवजी सतरा लिहून ठेवायचे.

दुसरी अडचण नियमांच्या अग्रक्रमाची. या आज्ञावलीत एखाद्या शाखेने स्वतःचा नियम लिहिला, की सर्वांसाठीच्या नियमापेक्षा तो वरचढ ठरतो. शाखेने ‘सर्व सभासद, सर्व वस्तू’ असा एकच ढोबळ नियम लिहिला, तरी त्या बाबतीतला समान तक्ता तिथे निष्प्रभ होतो. कार्यकारिणीच्या बैठकीत समान नियम मंजूर होतात, टाळ्या पडतात आणि कुणा एका ग्रंथपालाने जुन्या सवयीने ठेवलेली ती ओळ सगळं झाकून टाकते. त्याला दोष द्यावा असंही नाही. त्याची वर्गणी वेगळी आणि अनामत वेगळी. काही वाचनालयांत अनामतीपेक्षा महाग पुस्तक घरी देत नाहीत. ती अट दुसऱ्या वाचनालयाच्या सभासदाला कशी लावायची?

त्यातून येतो तिसरा प्रश्न, नियम कुणाचा चालणार. यंत्रणा तीन पर्याय देते: काउंटर ज्याचं त्याचा, सभासद ज्याचा त्याचा, किंवा वस्तू ज्याची तिचा. मोठ्या संग्रहाची वाचनालयं तिसऱ्याकडे झुकतात, कारण पुस्तकं जास्त करून त्यांचीच जाणार. लहान वाचनालयांना दुसरा हवा, कारण वर्गणी घेताना सभासदाला दिलेला शब्द त्यांचा असतो. काउंटरवर बसणाऱ्याला पहिला सोपा. या लेखकाला लहान वाचनालयांचं म्हणणं अधिक पटतं, कारण सभासदाने भांडायला जाण्याचं ठिकाण एकच असावं.

गंमत म्हणजे याच शहरात 2009 पासून पेट्यांमधून पुस्तकं वाचकांपर्यंत नेणारी योजना चालते. पेटी सोसायटीत जाते, कार्यालयात जाते, कारागृहात गेली आहे, परदेशातल्या मराठी मंडळींकडेही गेली आहे, आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. तिथे ना शाखा, ना काउंटर. पेटीतल्या पुस्तकाचं घर कोणतं, हा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण हिशेब पेटीचा होता. कोहात फिरत्या संग्रहाची सोय आहे, पण तिथेही प्रत्येक पुस्तकाला एक मूळ शाखा द्यावीच लागते. अशा पेट्या सामाईक तालिकेत घ्यायच्या तर प्रत्येक पुस्तकाला बारकोड चिकटवावा लागेल, आणि पेटी सांभाळणाऱ्या गृहिणीच्या किंवा निवृत्त शिक्षकाच्या हाती स्कॅनर द्यावा लागेल. तूर्त पेट्या बाहेर ठेवाव्यात, असं बहुतेकांचं मत दिसतं. दिवाळी अंकाचा वस्तुप्रकार ठरवायचा असेल, तर मात्र तो सप्टेंबरआधी ठरायला हवा. अंकांची मागणी नोंदवायला तेव्हाच सुरुवात होते.