अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलचं रँकिंग : वरचा नंबर म्हणजे चांगली रेसिडेन्सी?

मेडिकल स्कूलच्या प्रवेशाच्या दोन-तीन ऑफर हातात आल्या की सगळे एकच सांगतात, डोळे मिटून वरच्या रँकचं कॉलेज घे, नाहीतर रेसिडेन्सी (डिग्रीनंतरचं हॉस्पिटलमधलं स्पेशालिटीचं ट्रेनिंग) मिळणार नाही. हे अर्धवट आहे हो. अमेरिकन एमडी कॉलेजांच्या (तिकडे एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच डिग्री) शेवटच्या वर्षाच्या मुलांचा मॅच रेट, म्हणजे रेसिडेन्सीची जागा मिळण्याचं प्रमाण, गेली कित्येक वर्षं ९० टक्क्यांच्या वरच आहे आणि त्यात रँकिंगमध्ये कुठेच न दिसणारी कॉलेजंही आली. आता डर्मॅटॉलॉजी किंवा न्यूरोसर्जरीच हवी असेल तर नावाचा फायदा होतो, ते नाकारत नाही, पण तिथेही तुमच्या कॉलेजात त्या स्पेशालिटीचा स्वतःचा रेसिडेन्सी प्रोग्राम आहे का हे आधी बघा, कारण रिसर्च आणि वजनदार शिफारसपत्रं तिथूनच मिळतात.

मुळात यूएस न्यूज या प्रकाशनाचं ते गाजलेलं रिसर्च रँकिंग बरंचसं एनआयएचच्या (अमेरिकी सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) ग्रँट्स आणि इतर डीन लोकांच्या मतावर चालायचं, शिकवतात कसं याचा त्यात फारसा पत्ताच नाही! २०२३ मध्ये हार्वर्डसकट बऱ्याच कॉलेजांनी त्यांना माहिती देणंच बंद केलं.

डॉक्टरकीच्या लायसन्ससाठीच्या परीक्षेतल्या स्टेप १ ला २०२२ पासून नुसतं पास-फेल आहे, म्हणून स्टेप २ चा स्कोअर आणि क्लिनिकल रोटेशनचे (हॉस्पिटलच्या वेगवेगळ्या विभागांत आळीपाळीने करायच्या कामाचे) ग्रेड जास्त बघितले जातात. तेव्हा रोटेशनला ग्रेड कसे देतात ते तिथल्या सीनियर मुलांनाच विचारा, ब्रोशरमध्ये नाही मिळणार. आणि स्कॉलरशिप कमी वाटली तर आर्थिक मदतीच्या ऑफिसला दुसरी ऑफर दाखवून सरळ विचारायचं, पण ३० एप्रिलच्या आधी, कारण त्या तारखेपर्यंत सहसा बाकीच्या ऑफर सोडून एकच कॉलेज ठेवायचं असतं.