ढकलला की चालू होतो, मग सेल्फवर का नाही?

जुना डिझेल ट्रॅक्टर. सकाळी सेल्फ मारला की इंजिन जड जड फिरतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर भकाभका निघतो, पण इंजिन काही पकडत नाही. मग त्याला दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढतात नाहीतर उतारावर सोडतात. वरच्या गिअरमध्ये क्लच सोडला की थोड्याच अंतरात ते धडधडायला लागतं आणि पुढे दिवसभर तक्रार न करता काम करतं. यावरचं निदान ठरलेलं असतं: ‘पंप गेला’, नाहीतर ‘नोझल गेले’. पंप म्हणजे डिझेलला दाब देणारा, नोझल म्हणजे ते सिलिंडरमध्ये फवारणारं तोंड. पंप उतरवला जातो, कॅलिब्रेट होऊन परत येतो, पैसे जातात, आणि पुढच्या थंड सकाळी पुन्हा तेच.

हे घाईचं निदान मला पटत नाही, आणि त्याचं कारण त्या उतारातच आहे. उतारावर पंप तोच असतो, नोझल तेच, डिझेल तेच, थंडीही तीच. बदलतो तो फक्त इंजिन फिरण्याचा वेग. मग वेगाने असं काय साधलं, जे सेल्फला साधत नव्हतं?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे शाळेत शिकलेलं असतं. सिलिंडरमध्ये आधी फक्त हवा येते, पिस्टन ती दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून भराभर दट्ट्या मारला की नळी गरम लागते, तीच ही गोष्ट. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला त्यांचं इंजिन खऱ्या अर्थाने चाललं. तेव्हापासून बरंच बदललं, पण आग लावायचं काम अजूनही हवेच्या उष्णतेकडेच आहे.

ही उष्णता किती, ते मोजून पाहू. जुन्या ट्रॅक्टरांत कॉम्प्रेशन रेशो साधारण १६ ते १८ असतो. आपण १७ धरू, म्हणजे १७ भाग हवा दाबून एका भागाच्या जागेत बसवायची. हवेचं सुरुवातीचं तापमान २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्विन. दाबताना उष्णता अजिबात बाहेर गेली नाही, तर शेवटचं तापमान काढायला ३०० ला १७ च्या ०.४ व्या घाताने गुणायचं. उत्तर येतं ९३२ केल्विन, म्हणजे सुमारे ६६० अंश सेल्सिअस. डिझेल उघड्यावर २१० अंशांच्या आसपास आपोआप पेटतं, तेव्हा हे भरपूर वाटतं. पण ती २१० ची मोजणी निवांत वेळ देऊन केलेली असते. इंजिनात फवारा फुटून बारीक व्हायला, त्याची वाफ व्हायला, ती हवेत मिसळायला आणि पेटायला हातात काही मिलिसेकंद असतात. तेवढ्यात काम उरकायचं तर हवा २१० च्या पुष्कळच वर तापलेली लागते.

खरी अडचण ‘उष्णता अजिबात बाहेर गेली नाही’ या अटीत आहे. सिलिंडरच्या भिंती, हेड आणि पिस्टनचा माथा थंडगार लोखंडाचे नाहीतर ॲल्युमिनियमचे. हवा तापली रे तापली की ते तिची उष्णता ओढून घेतात. शिवाय पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या फटीतून थोडी हवा खाली निसटते. या दोन्ही गळतींना लागतो तो वेळ. इंजिन मिनिटाला २०० फेरे फिरत असेल, तर पिस्टन खालून वर यायला ०.१५ सेकंद लागतो. फेरे १०० वर आले की ०.३ सेकंद. चोरीला दुप्पट वेळ मिळाला.

गणितात हे घातांकात उतरतं. उष्णता जितकी जास्त निसटेल, तितका तो ०.४ खाली येतो. उदाहरणादाखल ०.३ धरला, तर शेवटचं तापमान सुमारे ४३० अंश. ०.२ धरला, तर अवघं २५६. घातांकातला फरक ०.१, आणि तापमान पावणेदोनशे अंशांनी खाली! पहिल्या ठिकाणी डिझेल पेटतं, दुसऱ्या ठिकाणी नुसतं ओलं होऊन बाहेर पडतं. म्हणून इंजिन ‘हळूहळू अवघड’ होत नाही. वर्षभर ठीक चालतं आणि एका सकाळी एकदम रुसतं, कारण ते कडेवर उभं असतं आणि त्या दिवशी कडा ओलांडली जाते.

थंडीचा हिशेबही यातच बसतो. आत येणारी हवा २० अंशांनी गार असेल, तर ०.३ च्या हिशेबाने शेवटचं तापमान ४७ अंशांनी पडतं, कारण सुरुवातीची प्रत्येक घट २.३४ पटीने वाढून वर पोचते. उलट, मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीतल्या, हीटरने हवा ४० अंशांनी तापवली, तर वर त्याचे ९० हून अधिक अंश होतात. हा छोटासा हीटर तुटला की लोक वर्षानुवर्षं तसाच सोडून देतात, याचं मला वाईट वाटतं. तो मुद्दाम बसवलेला असतो.

आणखी एक बारीक गोष्ट. हवा आत सोडणारा इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन अगदी तळाला असताना बंद होत नाही, थोडा उशिरा होतो. चालू इंजिनात ते फायद्याचं असतं, कारण वेगात येणारी हवा आपल्याच जोराने आत घुसत राहते. सेल्फच्या संथ फिरण्यात तो जोर नसतो, त्यामुळे वर येणारा पिस्टन थोडी हवा उलट बाहेर ढकलतो. कागदावरचे १७ प्रत्यक्षात आणखी कमी होतात. उतारावर ओढलेल्या इंजिनाला हे सगळं एकदम परत मिळतं.

आता पांढऱ्या धुराकडे पाहा. त्याला कच्च्या डिझेलचा वास येतो, डोळे चुरचुरतात, तोंडापाशी पुठ्ठा धरला तर तो ओलसर तेलकट होतो. हे न जळलेल्या डिझेलचे बारीक थेंब आहेत. म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, आग लागत नाहीये. अशा वेळी पंप उतरवण्याआधी उष्णता कुठे जाते ते शोधायला हवं.

पहिला संशय बॅटरीच्या वायरांवर. सेल्फ मारताना शेकडो अँपिअर वाहतात. ३०० अँपिअर धरले आणि गंजलेल्या टर्मिनलमध्ये केवळ ०.०१ ओहम विरोध असला, तरी १२ पैकी ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि ९०० वॉट उष्णता त्या क्लॅम्पमध्ये तयार होते. डिझेल बंद करणारा स्टॉपचा दांडा ओढून धरून दहा सेकंद सेल्फ मारा आणि दोन्ही टर्मिनलांना, चासीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीला हात लावून पाहा. जिथे चटका बसतो तिथे दोष. मीटर असेल तर एक टोक थेट बॅटरीच्या धन बाजूच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरं स्टार्टरच्या, म्हणजे सेल्फच्या मोटरच्या, बोल्टवर धरा. सेल्फ फिरताना अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर वायर नाहीतर जोड खराब. ऋण बाजूचीही तशीच तपासणी करा, टोक इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवून. अर्थिंगकडे तर कुणी पाहतच नाही. एवढं करूनही इंजिन जडच फिरत असेल, तर बॅटरीची ताकद, स्टार्टरचे बुश आणि कार्बन, आणि थंडीत भरलेलं जाड ऑइल.

एक कळकळीची सूचना: खाली, मागच्या चाकापुढे उभं राहून स्क्रूड्रायव्हरने स्टार्टर शॉर्ट करू नका. गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर त्या क्षणी अंगावरून जातो. माणसं अशी मेली आहेत.

इंजिन झपाट्याने फिरतं तरी पांढरा धूरच, तर मग कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबली जाणंच, कमी पडतंय. आधी टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) पाहा, फुकटात होतं. त्यांच्यातला गॅप संपला असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. चालू इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोराने वाफारा येत असेल, तर रिंगा आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) झिजलेत, इंजिन उघडून दुरुस्त करायला आलंय.

धूर अजिबातच नसेल तर डिझेल पोचत नाही. टाकी, फिल्टर, अडकलेली स्टॉप केबल, आणि बहुतेकदा लाइनमध्ये शिरलेली हवा. नोझल उघडायला दोनशे बारच्या आसपास दाब लागतो. डिझेल जवळजवळ दबत नाही, हवा दबते. पाइपात बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर तो दाबण्यात जातो. गंमत म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला फट असली तर तिथे डिझेलचा थेंबही दिसत नाही. आत दाब कमी, बाहेर जास्त, त्यामुळे गळण्याऐवजी हवा आत ओढली जाते. कोरडी दिसते म्हणून जोडणी घट्ट आहे असं समजू नये. तांब्याचे वॉशर नवे घाला, मग फिल्टरपासून पंपाकडे आणि शेवटी नोझलच्या नटापाशी, या क्रमाने हवा काढा. नट ढिला करताना फवाऱ्याच्या वाटेत बोट आणू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं आणि मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो.

बाजारातल्या दोन ‘उपायां’बद्दल स्पष्ट बोलायला हवं. डिझेलच्या पाइपावर बांधायचं चुंबक काहीही करत नाही. डिझेल चुंबकाने बदलणारा पदार्थच नाही. दुसरा उपाय ईथरचा फवारा. तो चालतो, म्हणूनच धोक्याचा. ईथर १६० अंशांच्या आसपास पेटतं, पिस्टन वर पोचायच्या आधीच, आणि तो झटका रिंगा आणि पिस्टन मोडू शकतो. हीटर किंवा सिलिंडरमधला तापणारा ग्लो प्लग चालू असताना मारला तर मॅनिफोल्डमध्येच स्फोट. ‘इंजिनाला ईथरची सवय लागते’ असं म्हणतात. लोखंडाला सवय लागत नाही. फवाऱ्यामागे मूळ झीज वाढत राहते, एवढंच.

मग पंप कधीच दोषी नसतो का? असतो, पण तो सहसा उलट्या वेळी पकडला जातो. सकाळी गार इंजिन ठीक चालू होतं, आणि दुपारी तापलेलं बंद करून दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर पकडत नाही. पंपातले भाग मायक्रॉनच्या हिशेबाने बसवलेले असतात. ते झिजले आणि गरम डिझेल पातळ झालं की सेल्फच्या संथ वेगात दाब तयार होण्याआधीच डिझेल फटीतून मागे सरकतं. इंजिन बंद असताना पंपाभोवती ओलं फडकं गुंडाळून थोडं थांबा. तो निवल्यावर इंजिन लगेच चालू झालं, तर पंप खुशाल उतरवा.