पेटी ढकलता येते, ओढता येत नाही

भाचा रत्नागिरीत इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीपासून तो गेम बॉय या हातात धरून खेळायच्या जुन्या यंत्रासाठी एक कोड्याचा खेळ लिहितोय. चिऱ्याच्या भिंतींचा मांगर, म्हणजे बागेतलं कोठार, आत आंब्याच्या पेट्या आणि एक गडी. गड्याने पेट्या ढकलत ढकलत दाराजवळच्या खुणांवर नेऊन लावायच्या, की टेम्पो भरला. कंपनीने कधीच बंद केलेल्या यंत्रासाठी हा उपद्व्याप कशाला, असं घरात प्रत्येकाने एकदा तरी विचारून झालंय. त्याला नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते मी देतो.

गेम बॉय जपानमध्ये १९८९ च्या एप्रिलमध्ये आला. तो बनवणाऱ्या निन्टेंडो कंपनीच्या गुनपेई योकोई यांचं तत्त्व साधं होतं: वापरून वापरून स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि त्याला नवं काम लावायचं. म्हणून पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, रंग म्हणजे एकाच हिरवटपणाच्या चार छटा, मागून उजेड नाही. प्रतिस्पर्ध्यांकडे रंगीत पडदे होते, पण ते सेल खाऊन टाकायचे. हा चार पेन्सिल सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. वीज जाणं हा ज्यांचा रोजचा अनुभव आहे, त्यांना यातलं शहाणपण समजावून सांगावं लागत नाही.

आमच्याकडे मात्र तो फारसा आलाच नाही. आखातात नोकरीला असलेल्या एखाद्याच्या घरी दिसायचा, तोही काचेच्या कपाटात. आमचा तो 'ब्रिक गेम': गणपतीला आलेल्या चाकरमान्याच्या पिशवीतून निघणारा, नाहीतर जत्रेत मिळणारा. दहा बाय वीस चौकोनांचा पडदा, वर छापलेलं '९९९९ गेम', आणि प्रत्यक्षात खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातल्या विटा पडण्याच्या खेळाचं मूळ अलेक्सी पाजितनोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत लिहिलेल्या टेट्रिसमध्ये. अमेरिकेत गेम बॉयच्या खोक्यात टेट्रिसच घालून विकला गेला आणि छोटं यंत्र व कोड्याचा खेळ यांचं लग्न तिथेच लागलं.

भाच्याच्या खेळाचं घराणं वेगळं आहे. 'सोकोबान' म्हणजे जपानीत वखारीचा रखवालदार. हिरोयुकी इमाबायाशी यांनी तो १९८१ मध्ये रचला, पुढच्या वर्षी तो घरगुती कॉम्प्युटरवर विकायला आला. पुढे गेम बॉयवरही आला. अमेरिकेत त्याचं नाव 'बॉक्सल'. नियम एका वाक्यात संपतात: एका वेळी एकच पेटी, ती फक्त ढकलायची, ओढायची नाही. पेटी कोपऱ्यात गेली की गेली. एवढ्याशा नियमांतून निघणारी गुंतागुंत इतकी, की १९९७ मध्ये जोसेफ कल्बरसन यांनी गणिताने दाखवून दिलं की हा खेळ 'पीस्पेस-कम्प्लीट' आहे. म्हणजे कॉम्प्युटरसाठी सर्वांत अवघड समजल्या जाणाऱ्या कोड्यांच्या पंगतीला तो बसतो. आमच्या बागेत चाळीस वर्षं पेट्या भरणाऱ्या आबांना भाच्याने नियम सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "ओढूक काय झाला? हात मोडले काय त्याचे?"

आता घरी लिहिण्याचा भाग. अशा घरी लिहिलेल्या खेळांना इंग्रजीत 'होमब्रू' म्हणतात, मी सरळ घरगुती म्हणतो. कोकम सरबतापासून मसाल्यापर्यंत 'घरगुती' लिहिलं की इथे भाव वाढतो, कमी होत नाही. कन्सोलच्या, म्हणजे खेळांच्या यंत्रांच्या, जगात उलट होतं. कंपनीची परवानगी, तिची महागडी साधनं आणि तिचे गुप्त कागद असल्याशिवाय खेळ लिहायचा नाही, असा रिवाज. गेम बॉयमध्ये तर दारावर पहारेकरीच होता. चालू करताना वरून घसरत येणारं 'निन्टेंडो' हे नाव म्हणजे नुसती शोभा नव्हती. त्या चित्राचे ४८ बाइट कार्ट्रिजमध्ये, म्हणजे खेळाच्या खोचायच्या डबीत, जसेच्या तसे सापडले नाहीत, तर यंत्र तिथेच थांबतं. नाव छापाल तर ट्रेडमार्कचा खटला, न छापाल तर खेळ चालणार नाही. अशाच कुलपावरून कन्सोल बनवणारी सेगा आणि खेळ बनवणारी अ‍ॅकोलेड या कंपन्यांचा खटला झाला. १९९२ मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने निकाल अ‍ॅकोलेडच्या बाजूने दिला. यंत्र खोलून ते कसं चालतं हे अभ्यासणं आणि कुलूप उघडण्यापुरता तो मजकूर घालणं चालतं, असा त्याचा मथितार्थ. खटला दुसऱ्याच कन्सोलचा होता, तरी घरगुती खेळ लिहिणारे आजही त्याचा दाखला देतात.

१९९५ मध्ये 'पॅन' या टोपणनावाच्या माणसाने गेम बॉयच्या आतली माहिती एका फाइलमध्ये जमवली. 'पॅन डॉक्स' म्हणून ती आजही हौशी लोक दुरुस्त करत असतात. त्याच दशकात 'जीबीडीके' हे खेळ लिहिण्याचं साधन आलं आणि असेम्ब्ली या किचकट यंत्रभाषेऐवजी सी भाषेत लिहिता येऊ लागलं. २०१९ मध्ये ख्रिस माल्टबी यांचं 'जीबी स्टुडिओ' आलं, त्यात कोड न लिहिताही खेळ जुळवता येतो. भाचा सी मध्ये लिहितो. जीबी स्टुडिओला तो नाक मुरडतो. मला विचाराल तर उगाच.

यंत्राची गरिबी कोड्याच्या खेळाला कशी मानवते, ते त्याच्या वहीत दिसतं. पडदा ८ बाय ८ ठिपक्यांच्या तुकड्यांनी बनतो, असे आडवे २० आणि उभे १८. प्रत्येक तुकडा १६ बाइटचा. चार तुकडे जोडून त्याने एक घर केलं, म्हणजे पडद्यावर १० बाय ९, एकूण ९० घरं. घरात भिंत आहे, पेटी आहे की खूण, हे अर्ध्या बाइटमध्ये मावतं. अख्खी पातळी, म्हणजे एक पूर्ण कोडं, ४५ बाइटची! साठ पातळ्या केल्या तरी तीन केबीच्या आत, आणि साध्या कार्ट्रिजमध्ये जागा ३२ केबी. चिरा मात्र त्याने चार वेळा काढला. पहिला विटेसारखा दिसत होता. भोकं गडद छटेत, विस्कळीत ठेवल्यावर तो जांभा वाटायला लागला.

मराठी अक्षरांनी जास्त छळलं. आठ ठिपक्यांच्या उंचीत शिरोरेषा, वर मात्रा, खाली उकार बसवायचा म्हटलं की अक्षराच्या अंगाला चारेक ओळी उरतात. 'पुन्हा' तर चिखलच झाला. शेवटी त्याने उंची १६ केली आणि लिपी बनवण्याचा नाद सोडून, लागणारे दहा-बारा शब्दच चित्रासारखे काढले.

चुकलेलं पाऊल परत घेणाऱ्या 'मागे' या बटणाचीही एक गंमत. गड्याची पावलं लक्षात ठेवायला त्याने २५६ बाइट दिले. आठ बिटांचा आकडा २५५ नंतर शून्यावर येतो, हे त्याला अर्थातच ठाऊक होतं. मी तीनशे पावलं चालून मग सगळी मागे घेत बसेन, हे ठाऊक नव्हतं. २५६ पावलं बरोबर उलटली आणि पुढच्या काहीत गडी चिऱ्यात शिरला. आता मोजणी वेगळी ठेवली आहे.

पातळ्या तो उलट्या रचतो: पेट्या आधी टेम्पोच्या खुणांवर ठेवायच्या आणि तिथून ओढत ओढत मांगरात विखरायच्या. मग त्या सुटणार याची खात्री असते. हे कळल्यावर आबांनी मान डोलावली. सोळाव्या पातळीवर ते गेले चार दिवस अडकलेत.