परसातील वन्यजीव

शहराच्या कडेच्या वस्तीत घरामागच्या मोकळ्या जागेत आपणहून येणारे रानटी प्राणी, आणि त्यांना न पकडता, न पाळता पाहत राहण्याचा छंद. पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, रत्नागिरी अशा शहरांतल्या बंगल्यांच्या वसाहती, जुने वाडे आणि बैठी घरे यांच्या मागे अजून थोडी माती उरली आहे. तिथे एखादा पेरू, कढीपत्ता, धुण्याचा दगड आणि कुंपणालगतचे गवत एवढे असले तरी वर्षभर पाहुण्यांची ये-जा चालते. पाळीव जनावर भाकरीसाठी माणसाजवळ राहते. मुंगूस किंवा भारद्वाज मात्र त्याच्या कामासाठी येतो आणि काम झाले की निघून जातो. या छंदाची सगळी गोडी त्यातच आहे.

भारतात या विषयावर लक्षपूर्वक लिहिणाऱ्या आरंभीच्या लेखकांत एडवर्ड हॅमिल्टन एटकेन (१८५१–१९०९) यांचे नाव घ्यावे लागते. त्यांचा जन्म साताऱ्याचा. मीठ व जकात खात्यातल्या नोकरीमुळे ते मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी राहिले. बंगल्याच्या आवारातले उंदीर, पाली, मुंग्या, कावळे आणि बेडूक हाच विषय घेऊन त्यांनी लिहिलेले ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक १८८३ मध्ये निघाले. त्याच वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि एटकेन तिच्या संस्थापकांपैकी एक होते. वाघ-हत्तींच्या शिकारकथांच्या त्या काळात आपल्याच अंगणाकडे पाहायला कोणी शिकवावे, हे मोठेच काम होते.

परसातल्या सस्तन प्राण्यांत सर्वांत धीट मुंगूस. ते दिवसा हिंडते, ठरलेल्या वाटेने येते आणि पालापाचोळा उकरत किडे, गोगलगायी, उंदीर, अंडी, सरडे असे मिळेल ते खाते. ‘मुंगसा मुंगसा तोंड दाखव’ अशी विनवणी करत मुलांनी त्याच्यामागे धावावे, ही जुनी रीत. नागाचे विष मुंगसाला अजिबात बाधत नाही, असे मानतात. खरे असे की, ज्या स्नायूंवर हे विष काम करते त्यांच्यावरील ग्राहींची, म्हणजे विष जिथे चिकटते त्या जागांची, रचना मुंगसात थोडी वेगळी असते. त्यामुळे विषातला मज्जातंतूंवर परिणाम करणारा भाग त्यांना नीट चिकटू शकत नाही. तरीही भरपूर विष भिनले तर मुंगूस मरू शकते. त्याचा मुख्य भरवसा चपळाईवर आणि फुलवलेल्या राठ केसांवर असतो.

उदमांजर, म्हणजे कोकणातला कांडेचोर, याची गाठ सहसा पडत नाही. मंगलोरी कौलांखाली किंवा पोटमाळ्यावर ते दिवसभर झोपते आणि रात्री चिकू, पपई, केळी, उंबर यांवर निघते. माडी काढायला लावलेल्या मडक्यातही तोंड घालते. त्याचा पत्ता लागतो तो खुणांवरून. कठड्यावर किंवा दगडावर बियांनी भरलेली विष्ठा सापडते आणि कधी रात्री कोणाच्याही चुलीवर भात नसताना आंबेमोहोर शिजत असल्यासारखा वास दरवळतो. त्या विष्ठेतल्या बिया बहुधा शाबूत असतात आणि रुजतात. भेरली माडासारखी झाडे अनपेक्षित जागी उगवतात, त्यात याचा मोठा हात आहे. पिकलेले चार चिकू गेले म्हणून त्याला हाकलणाऱ्यांनी हा हिशेबही पाहावा.

खारीला आपण गृहीत धरतो. तिच्याकडे कान देणारा मात्र सगळे परस वाचू शकतो. शेपटी झटकत एकाच जागी खार एकसारखी चिरचिरू लागली, की जवळपास बोका, शिक्रा किंवा साप आहे असे समजावे. थोड्याच वेळात बुलबुल, साळुंक्या, शिंपी पक्षी जमतात आणि सगळे एकाच बिंदूकडे तोंड करून ओरडतात. साप कुठे आहे, हे शोधायला त्याहून चांगली खूण नाही.

पक्ष्यांची यादी मोठी होईल. जास्वंदीची दोन पाने शिवून घरटे करणारा शिंपी, कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेली लोंबती पिशवी बांधणारा शिंजीर, उन्हाळ्यात पहाटे गाणारा दयाळ आणि कावळ्याच्या घरट्यात अंडे घालायला टपलेली कोकिळा हे नेहमीचे. भारद्वाजाचे दर्शन शुभ मानतात, आणि बागायतदाराच्या दृष्टीने ते शुभ आहेच. पावसाळ्यात भाजीपाला फस्त करणाऱ्या आफ्रिकी गोगलगायी खाणाऱ्या थोड्या पक्ष्यांत तो येतो. उंबर-पिंपळ राखलेल्या वसाहतींत राखी धनेशही दिसतो. त्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर एका फटीतून तिला आठवडेच्या आठवडे फळे भरवतो. जुने पोकळ झाड ‘धोकादायक’ ठरवून तोडले की हे बिऱ्हाड कायमचे उठते. म्हणून फांद्या हलक्या करून खोड राखता आले, तर राखावे.

पाहुणे यावेत यासाठी खाऊ घालण्यापेक्षा झाडे लावणे केव्हाही बरे. कढीपत्ता, लिंबू आणि बेल यांवर लिंबाळी फुलपाखरू अंडी घालते. ‘ब्लू मॉरमॉन’ची अळीही लिंबूवर्गीय झाडांवर वाढते. हे फुलपाखरू महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले आणि असे करणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. कुरतडलेली पाने दिसताच औषध मारणाऱ्याला ते उडताना दिसणार नाही. तगर आणि कण्हेरीवर हिरवा, टपोरा पतंगाचा सुरवंट पोसला जातो. रुईवर बिबळ्या कडवा हे फुलपाखरू वाढते. कोपऱ्यात पालापाचोळा, दोन ओंडके आणि थोडे माजलेले गवत राहू द्यावे. फरशी घातलेल्या, झाडून लख्ख केलेल्या परसात कोणी येत नाही. उन्हाळ्यात उथळ मातीचे भांडे सावलीत ठेवून पाणी रोज बदलावे, म्हणजे डास होत नाहीत.

वानरांना आणि माकडांना हाताने खायला देणे मात्र पूर्ण चूक. त्यातून भीती जाते, हिसकावणे सुरू होते आणि शेवटी शिक्षा प्राण्यालाच मिळते. उंदरांसाठी ठेवलेले विष खाल्लेला उंदीर पिंगळ्याने किंवा गव्हाणी घुबडाने खाल्ला, की तेही मरते. उघड्या विहिरीला जाळी हवी. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर झाडांवर उरलेले तुकडे काढून टाकणे आपल्याच हाती असते. जमिनीवर सापडलेले पिसे फुटलेले पिल्लू बहुतेक वेळा पोरके नसते. ते उडायला शिकत असते आणि आईबाप जवळच असतात. त्याला मांजरापासून वाचेल अशा फांदीवर ठेवून दूर व्हावे.

सापांबाबत आनंदाआधी ओळख हवी. परसात सर्रास दिसणारी धामण बिनविषारी असून उंदीर खाते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप मात्र पक्के ठाऊक असावेत. बिनविषारी कवड्या आणि अतिविषारी मण्यार यांत गल्लत होते. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे पातळ, बहुधा जोडीने असलेले पांढरे पट्टे डोक्याकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक असतात. ही ओळख दुरूनच करायची असते. साप घरात शिरला तर त्याच्यावर नजर ठेवून सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दंश झाल्यास मांत्रिकात वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

बिबट्या या छंदाच्या कक्षेत बसत नाही. सुमारे १०४ चौ. किमी.च्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या वसाहतींत तो रात्री भटक्या कुत्र्यांमागे येतो. जुन्नर-शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात तर त्याच्या हल्ल्यांत माणसे गेली आहेत आणि तिथल्या लोकांना कौतुकाच्या गोष्टी सांगणे क्रूरपणाचे होईल. कचरा उघड्यावर न टाकणे, अंधारात मुलांना एकटे न सोडणे आणि रात्री गुरे बंद गोठ्यात ठेवणे, एवढे मात्र सगळीकडे लागू पडते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ परसालाही लागू आहे. घोरपड मारणे किंवा रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने कावळे, वटवाघळे आणि उंदीर यांना उपद्रवी ठरवणारी जुनी अनुसूची वगळण्यात आली.

छंदाला साधने फारशी लागत नाहीत. एक वही, जमल्यास दुर्बीण, आणि खिडकीत हालचाल न करता बसण्याची सवय पुरे. कोकीळ कधी बोलू लागला, पहिल्या पावसानंतर कोणते बेडूक ओरडले, धोबी पक्षी थंडीत केव्हा उतरला, अशा तारीखवार नोंदी पुढे अभ्यासकांनाही उपयोगी पडतात. १९९८ पासून दर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही पक्षिगणना होते. अमेरिकेत सुरू झालेली ही गणना २०१३ पासून जगभर खुली आहे आणि भारतातून तिच्यात मोठा सहभाग असतो. किमान १५ मिनिटे पाहून दिसलेले सर्व पक्षी मोजायचे आणि ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायचे, एवढाच नियम असल्याने घरचे परसही त्यासाठी चालते.